रंगरावाचा व्हेमेंट विरोध

आमच्या गावात रंगरावानं कशाला तरी विरोध केला नाही असं एक वर्ष मला आठवत नाही, आणि त्या विरोधानं इकडची काडी तिकडे झाली असंही आठवत नाही. केनवडच्या अलीकडे चार किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो आणि इथंच दोन खोल्या बांधून राहिलो. रंगरावाबद्दल लिहायला माझ्याइतका लायक माणूस गावात दुसरा नाही. कारण त्याला तो शब्द मी दिला.

रंगराव आज साठीचा आहे. बापानं मागं सोळा एकर काळी जमीन ठेवली, विहीर ठेवली आणि वैजयंतीबाईसारखी सून शोधून आणून दिली. यातली शेवटची गोष्ट नसती तर पहिल्या दोन कधीच गेल्या असत्या. पेरणी वैजयंतीबाई बघते, फवारणी ती बघते, सोयाबीन काढायला मजूर ती गोळा करते. रंगराव हॉटेलात पेपर वाचतो. एका वर्षी पीक पाहायला कृषी सहायक आला आणि त्यानं रंगरावाला तुमचं वावर दाखवा म्हटलं, तेव्हा यानं ऐटीत हात लांब करून दाखवलं ते दुसऱ्याचंच, उकंडरावाचं वावर निघालं. सहायकानं तसं लिहूनही घेतलं होतं. वैजयंतीबाई डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन मागून आली म्हणून चूक सुधारली.

दहावीला तो इंग्रजीत तीनदा आपटला. गणितात पास, विज्ञानात पास, इंग्रजीत तीनदा नापास. तिसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा बापानं त्याला चारचौघांत 'माठ' म्हटलं होतं, असं जुने लोक सांगतात. चाळीस वर्षं झाली तरी त्याचं ते दुखणं बरं झालं नाही. कोणी इंग्रजी बोललं की हा तोंड उघडं टाकून ऐकत राहतो आणि मग दिवसभर चिडचिड करतो.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीला निळा रंग द्यायचा ठराव आला. रंगराव उठला आणि म्हणाला, "माह्या याले जोरदार विरोध हाय." कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हाच्या ग्रामसेवकानं मान वर न करता "घेतलं" म्हटलं, ठराव मंजूर झाला, टाकी निळी झाली. संध्याकाळी रंगराव माझ्या ओसरीवर येऊन बसला. मी घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. सत्तावन्न पोरांनी एकच चूक केली होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"सर, जोरदारले इंग्रजीत काय म्हंतात?"

"स्ट्राँग."

"ते तर चहाले म्हंतात जी. दुसरा सांगा. पोटातून येते तसा. आयकनारा मांगं सरकला पाह्यजे."

तो लवकर जावा एवढीच माझी इच्छा होती. मी म्हणालो, "व्हेमेंट." आणि मास्तराची खोड म्हणून अर्थही सांगितला. आतून आग लागलेली असते, बोलल्याशिवाय माणसाला राहवत नाही, तेव्हा बोलण्यात जो जोर येतो तो व्हेमेंट. रंगरावानं शब्द घेतला आणि अर्थ माझ्याच ओसरीवर टाकून गेला. पेपरच्या कोपऱ्यावर माझ्याकडून तो मराठी अक्षरांत लिहून घेतला, कोपरा फाडला आणि खिशात घातला. तीन दिवस तो रस्त्यानं पुटपुटत फिरत होता.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय होता शाळेच्या संडासाच्या दुरुस्तीचा. आता शाळेच्या संडासाला कोण विरोध करील? रंगरावानं केला. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "माह्या या ठरावाले व्हेमेंट विरोध हाय!" ग्रामसेवकानं त्या वर्षात पहिल्यांदा मान वर केली.

"काय म्हणालात?"

"व्हेमेंट. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. मला हसू आवरेना, म्हणून मी टाळी वाजवली. टिंगलच होती ती. पण बाजूच्यांना वाटलं, इंग्रजीचे सर टाळ्या वाजवतात म्हणजे काहीतरी मोठं झालं असणार. मग सगळ्यांनीच वाजवल्या. रंगराव खाली बसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दहावी पास झाल्याचं तेज होतं. तेव्हापासून गावात रीतच पडली. रंगराव उठणार, बाही सारणार, व्हेमेंट विरोध करणार, सर टाळी वाजवणार, सभा टाळी वाजवणार, ठराव मंजूर होणार.

पुढं तो शब्द त्यानं बैलासारखा सगळीकडे जुंपला. लग्नाच्या पंगतीत बुंदीऐवजी शिरा आला तर व्हेमेंट विरोध. बसचा थांबा पिंपळाखालून दहा पावलं पुढं सरकला तर व्हेमेंट विरोध. वैजयंतीबाईनं भाजीत मीठ कमी घातलं तरी म्हणे ताट सारून तो तेच म्हणतो, आणि ती बाई "बरं" म्हणून मिठाचा डबा पुढं सरकवते. सोजरबाई वारली तेव्हा तर कहर झाला. नव्वद वर्षांची म्हातारी, झोपेतच गेली. शोकसभेत रंगराव उठला, बाही वर सारली आणि म्हणाला, "देवाच्या या निर्णयाले माह्या व्हेमेंट विरोध हाय." म्हातारीचा मुलगा रडता रडता थांबला. त्याला पुढं रडावं की नाही तेच कळेना.

लोक याला विनोद समजतात. मीही बरीच वर्षं समजत होतो. पण कधी नीट बघाल तर त्या माणसाचा राग यावा असंच सगळं होतं. विरोध करून झाला की रंगराव बसतो, खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा काढतो, तळहातावर घोटतो आणि आजूबाजूला बघतो, कोणकोण बघून राहिलं ते. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन त्या विरोधाचं काय झालं हे त्यानं बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. एक अर्ज नाही, एक निवेदन नाही. गल्लीतून वाहणाऱ्या सांडपाण्याला तो अकरा वर्षं व्हेमेंट विरोध करून राहिला आहे, आणि त्या सांडपाण्यातला सगळ्यात जाड पाइप त्याच्याच मोरीचा आहे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तोही दुसऱ्याच्या चुलीवर.

आता ग्रामसेवकांबद्दल. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं म्हणे, पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय. आमच्याकडे ग्रामसभेला माणसं पुरत नाहीत. म्हणून सभेचं बुक आधीच लिहून ठेवायची आणि सह्या मागाहून घरोघरी फिरून घ्यायची पद्धत आहे. नवा ग्रामसेवक आला की जुन्याचं बघून उतरवतो. बावीस वर्षांत पाच ग्रामसेवक झाले आणि प्रत्येकानं मागच्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं: 'श्री. रंगराव यांनी व्हेमेंट विरोध नोंदविला. चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' एकानं विरोध केलेला ठराव सर्वानुमते कसा मंजूर होतो, हे कोणाला खटकलं नाही. रंगरावाला तर नाहीच. नाव छापल्यासारखं बुकात येतं एवढ्यावर तो खूश.

आता पंचफुलाकडे येतो. हे सगळं खरं तर तिच्यासाठीच लिहितो आहे.

पंचफुला माळ्याची. नवरा चार वर्षांपासून पुण्याला वॉचमन आहे, दिवाळीला येतो. गावाबाहेर नाल्याच्या अंगाला तिचा दोन एकरांचा मळा. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. माल पहाटे तोडायचा, सायकलीला दोन्हीकडून क्रेट बांधायचे, पांदणीनं, वावरांमधल्या जुन्या गाडीवाटेनं, सडकेवर यायचं, तिथून सहाच्या ऑटोनं रिसोडला. भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, सकाळी सातला सुरू होतो आणि आठला संपतो. त्यानंतर पोचलेल्या भाजीला कोणी विचारत नाही. मळ्यापासून सडकेपर्यंत पांदण म्हणजे सरळ अर्धा किलोमीटर. तिच्या दोन्ही बाजूंना उकंडरावाची वावरं आहेत.

उकंडराव म्हणजे आमचा माजी सरपंच, शिक्षण संस्थेचा अध्यक्ष, आणि रिकामी जागा दिसली की ज्याला रात्री झोप लागत नाही असा गृहस्थ. मधली पांदण गेली की दोन वावरांचं एक वावर होतं. त्यानं ठराव तयार करवला: जुनी पांदण वहिवाटीत नसल्यानं बंद करून तिथं वृक्षारोपण करावं. झाडं म्हटलं की कोणी वाईट बोलत नाही. पांदण बंद झाली तर पंचफुलाला नाल्यानं फिरून तीन किलोमीटर पडणार होते. त्या वाटेनं सायकल जात नाही, आणि पावसाळ्यात तर माणूसही जात नाही.

जुलैत ती रंगरावाकडे गेली. त्याच्याकडे काहून गेली, असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, "सर, गावात विरोध करनारा येकच मानूस हाय ना." रंगरावानं तिला पाट दिला, चहा पाजला आणि सांगितलं, "पंचफुला, तू घरी जाऊन निजून राह्य. माह्या असा व्हेमेंट विरोध राह्यन का उकंडराव पांदनीचं नावच घेनार नाई." ती निर्धास्त झाली. त्या पावसाळ्यात तिनं अर्धा एकर भेंडी जास्तीची लावली.

ग्रामसभेला आठ दिवस उरले असताना उकंडरावानं रंगरावाच्या घरी निरोप धाडला. रंगरावाची मुलगी सुप्रिया आणि उकंडरावाचा मुलगा गणेश, दोघांची पत्रिका जुळते म्हणे. उकंडरावाला सून हवी होती की तोंड न उघडणारा व्याही हवा होता, हे देव जाणे. मुलीच्या बापाची अडचण समजून घ्या, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. मी समजून घेतली नसती असं नाही, पण त्याच्या स्वतःच्या बायकोनं समजून घेतली नव्हती. वैजयंतीबाईनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, ते तिनंच मला सांगितलं: "पोरीले स्थळं लय भेटतीन. पंचफुलाले पांदन दुसरी नाई भेटत." रंगराव त्यावर काय बोलला असेल? त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर होतं वाटतं. ताट पुढं ओढून जेवला.

गेल्या पंधरा ऑगस्टची सभा. झेंडा झाला, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटली आणि शाळेच्या पटांगणात माणसं बसली. पुढं खुर्च्यांवर सरपंच, ग्रामसेवक आणि बोलावलं नसतानाही उकंडराव. पुरुष सतरंजीवर, बायका दाराजवळ. पंचफुला तिथंच बसली होती, हर्रासावरून सरळ आलेली, पायांना चिखल. सातवा विषय वाचला गेला. सगळ्या माना रंगरावाकडे वळल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि सवयीनं माझे तळहातही टाळीसाठी तयार झाले होते.

रंगरावानं बाही वर सारली. अर्धी सारली असेल नसेल, तेवढ्यात उकंडराव खुर्चीत जरा हलला आणि त्यानं घसा साफ केला. बस्स, एवढंच केलं त्यानं. रंगरावानं बाही खाली ओढली, तिचं बटण लावलं, खिशातून खर्रा काढला आणि घोटायला लागला. खाली बघून, मन लावून घोटत होता. बावीस वर्षांत त्या माणसाला एखादं काम एवढं मन लावून करताना मी पाहिलं नव्हतं.

ग्रामसेवकानं पान उलटलं. तेव्हा पंचफुला उठली. बोलायचं असेल तर हात वर करायचा असतो, हेही तिला माहीत नव्हतं.

"नाई," ती म्हणाली. "माह्यं याले 'नाई' हाय. बारा वर्स झाले, मी रोज त्याच पांदनीनं येतो, त्याच पांदनीनं जातो. वहिवाट नाई म्हंता? मंग माह्ये पाय खोटे हायेत का?"

शेवटी तिचा आवाज फाटला. पटांगणाच्या पलीकडच्या हँडपंपावरच्या बायका वळून बघायला लागल्या. रंगरावाला जो शब्द मी समजावून सांगितला होता, आग, पोटातून, राहवत नाही म्हणून, तो मी आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकला. तिला तो शब्द माहीत नव्हता.

"बाई, खाली बस," उकंडराव गोड आवाजात म्हणाला. "विरोध नोंदवाची येक रीत असते."

"पुढचा विषय," ग्रामसेवक म्हणाला. मी तयार असलेले माझे हात मांडीवर ठेवले. त्यानंतर आठवा विषय झाला, नववा झाला आणि चहा आला.

दहा दिवसांनी ती सभेच्या ठरावाची नक्कल घेऊन माझ्याकडे आली. तिला वाचता येतं, पण सरकारी मराठी तिला भरवशाची वाटत नाही. मी वाचलं: 'सदर विषयावर श्री. रंगराव यांनी व्हेमेंट विरोध नोंदविला. चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' बुक नेहमीसारखं आधीच लिहून तयार होतं, आणि रंगराव या वेळी गप्प बसेल असं ग्रामसेवकाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला हसू फुटलं. पंचफुला हसली नाही.

"अन् म्या म्हनलं ते?"

"ते यात नाही."

"मांगच्या पानावर पाहा ना जी."

मी कागद उलटला. मागचं पान कोरं होतं. तिनंही वाकून बघितलं. मग म्हणाली, "विरोध हाय असं तर लिवलं हाय ना? मंग चालते. माह्या नावानं नाई त त्याच्या नावानं." मी तिला तहसीलला द्यायचा अर्ज लिहून दिला. चांगला लिहिला, मुद्देसूद. अंगठ्याला शाई लावल्यासारखी जपून तिनं सही केली आणि निघताना दारात थांबली.

"साहेब चौकशीले आले त तुमी सांगसान ना, म्या उठून बोललो होतो म्हून? तुमी आयकलं."

"पाहतो," मी म्हणालो.

चौकशी नोव्हेंबरात झाली. तोवर पांदणीच्या तोंडाशी काटेरी तार लागली होती आणि आत अकरा रोपं लावून त्यांचा फोटो काढून झाला होता. रिसोडहून नायब तहसीलदार आल्या. तिशीतली, कमी बोलणारी बाई. उकंडरावानं खुर्च्या मांडल्या होत्या, त्या तिनं घेतल्या नाहीत. तारेशी उभं राहूनच तिनं कागद वाचला. पन्नास-साठ माणूस जमलं होतं. रंगराव सुप्रियाच्या साखरपुड्यासाठी शिवलेलं जाकीट घालून आला होता.

"तुम्ही रंगराव ना? ठरावात तुमचा विरोध नोंदवलेला आहे. त्याची कारणं सांगा. तुम्ही विरोधावर कायम असाल तर हा ठराव मला पुन्हा ग्रामसभेपुढं पाठवावा लागेल, आणि तोवर तार काढावी लागेल."

म्हणजे त्यानं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बावीस वर्षं जे कोणी न विचारता सांगत फिरला, ते आता एका सरकारी बाईनं स्वतःहून त्याला विचारलं होतं. पंचफुला तारेच्या त्या बाजूला भेंडीचं पोतं घेऊन उभी होती. तिनं रंगरावाकडे ज्या आशेनं बघितलं, तसं त्याच्याकडे आजवर कोणी बघितलं नसेल. त्याच्या बापानंही नसेल.

रंगरावाचा हात बाहीकडे गेला आणि परत आला.

"मॅडम, ते... ते म्हनाची रीत हाय," तो म्हणाला. "दर ठरावाले असते. तसा विरोध नोता."

"म्हणजे तुम्ही विरोध केलाच नाही?"

"नाई जी."

"इथं व्हेमेंट असं लिहिलंय."

"थो येक शब्द हाय मॅडम."

कोणीतरी मागं खिदळलं. उकंडराव लांब शेताकडे बघत होता. मला रंगरावाची इतकी किळस आली की थुंकावंसं वाटलं. कोंबडीला अंड्याची माया असते. या माणसाला स्वतःच्या एकुलत्या एक शब्दाचीही माया नव्हती. निदान खोटं तरी रेटून बोलायचं होतं!

नायब तहसीलदारांनी पेन उघडं ठेवलं. "दुसऱ्या कोणाचा विरोध होता का?"

"माह्या होता," पंचफुला तारेपलीकडून म्हणाली.

"नोंद नाही, बाई. त्या दिवशी कोणी ऐकलं का? सभेला हजर असलेलं कोणी आहे इथं?"

सभेला हजर असलेले तिथं निदान चाळीस तरी होते. कोणी चपलेनं माती उकरत होतं, कोणाला फोन आला. पंचफुला रंगरावाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी चष्मा काढला आणि धोतरानं पुसत बसलो. माझी सून उकंडरावाच्या संस्थेत शिक्षिका आहे. तिला कायम करायचा कागद दोन वर्षांपासून अध्यक्षाच्या सहीसाठी पडून आहे. यावर कोणी मला समजून घ्या असं अजून म्हटलेलं नाही, कारण हे कोणाला सांगायची वेळच आली नाही. चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला तोवर बाईंनी पेन बंद केलं होतं.

तार आहे तिथंच आहे. अकरांतली नऊ रोपं वाळली. पंचफुला आता पहाटे लवकर निघते आणि नाल्यानं फिरून येते, डोक्यावर एकच क्रेट घेऊन. सायकल घरी गंजते. दुसरा क्रेट आणायला परत गेली तर हर्रास चुकतो, म्हणून अर्धी भेंडी झाडावरच निबर होते. पावसाळ्यात नाला आला की काय करणार, हे तिला कोणी विचारत नाही. सुप्रियाचं लग्न फाल्गुनात आहे.

परवाच्या सव्वीस जानेवारीच्या सभेत गल्लीतल्या दिव्यांचा ठराव आला. रंगराव उठला. मला वाटलं, आता तरी याची जीभ अडखळेल. त्यानं बाही कोपरापर्यंत सारली, डोळे मिटले, छाती भरली. "माह्या या ठरावाले व्हेमेंट विरोध हाय!" आवाज पूर्वीपेक्षा चढाच होता. ग्रामसेवकानं मान डोलावली. त्याचं आधीच लिहून झालेलं होतं. आणि माझे हात आपोआप वाजले. माझे वाजले म्हणून सगळ्यांचे वाजले. दाराजवळच्या बायकांत पंचफुला होती. ती उठून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओसरीशी आली. हर्रासातून उरलेली मेथी टोपलीत होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. मी घाईघाईनं दोन जुड्या घेतल्या, सुट्टे शोधायला लागलो, काहीबाही बोलत राहिलो. तिनं सगळं बोलू दिलं.

"सर, तो शब्द रंगरावभाऊले तुमीच देल्ला होता ना?"

"हो."

"मले बी येखांदा द्या."

"कशाला?"

"'नाई' म्हनाले. माह्यं 'नाई' बुकात बसत नाई."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोपली कमरेवर घेऊन ती खरोखर वाट बघत उभी होती, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस आता काय देतो ते ऐकायला.

"पाहतो," मी म्हणालो.